टेकगल्लीची स्टँडर्ड आवृत्ती

गव्हाळी नगरपरिषदेनं ‘सूत्रधार’ या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरची प्रोफेशनल आवृत्ती घेतली, आणि ती घेताना सभागृहात बसलेल्या एकशे बारा जणांना एकाच वेळी सगळं समजलं.

असं काही झालेलं नाही. इतिवृत्तात स्पष्ट लिहिलंय की बावीस एप्रिलची विशेष सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. सरकारी कागद खोटं बोलत नाही, त्यामुळे खोटं मीच बोलतोय असं धरून पुढे वाचा. माझी हरकत नाही.

मी यशोधन बिडवे. पद: समजावणी सहायक, पाणीपुरवठा विभाग, कंत्राटी, अकरा महिने. अकरा महिने झाले की एक दिवस मी बेरोजगार असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा महिने. असे चार एक-दिवस माझ्या नावावर आहेत. त्या दिवशी मी केस कापून घेतो.

प्रोग्राम लिहायचं काम माणसाच्या हातून गेलं तेव्हा मी बारावीत होतो आणि प्रोग्राम लिहायला शिकत होतो. यंत्रं आमच्यापेक्षा बरे प्रोग्राम लिहायला लागली, तेही चहाला न उठता. मग एका धरणाचे दरवाजे भर दुपारी आपणहून उघडले. प्रोग्राम बरोबर होता म्हणे. फक्त तो का बरोबर आहे, हे पृथ्वीतलावरच्या एकाही माणसाला सांगता येईना. चौकशी समितीनं आठ महिने तो वाचला आणि अहवालात लिहिलं, ‘समितीस समजले नाही.’ त्यावरून कायदा आला. सार्वजनिक यंत्रावर चालणारा प्रोग्राम कुणीही लिहो, ते यंत्र चालवणाऱ्या माणसाला तो समजला पाहिजे. नाही समजला, तर चालवायचा नाही.

आता, समजलं हे ओळखायचं कसं? आपल्याकडे ‘समजलं का?’ असं विचारलं की वर्गातली सत्तर पोरं एका सुरात ‘हो’ म्हणतात. त्यावर कायदा उभा राहत नाही.

इथे विज्ञान मदतीला आलं. उजव्या कानाच्या थोडं वर, कवटीच्या आत, मेंदूचा एक भाग आहे. लांबलांबचे तुकडे जुळवून बघणं हे त्याचं काम. आपण काहीतरी ऐकत असतो, तुकडे इकडेतिकडे पडलेले असतात, आणि अचानक एक तुकडा दुसऱ्यात बसतो. त्या क्षणी तिथल्या लाखो पेशी एका तालात धडधडतात, सेकंदाला चाळीसेक वेळा. तोंडातून ‘हां!’ निघायच्या जरा आधी ही लहर उठते. कपाळाला पट्टी बांधली की ती दिसते. महत्त्वाचं म्हणजे ही लहर ठरवून आणता येत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही. शिंकेसारखं आहे ते.

पट्टीवर एक दिवा. माणूस ऐकतच नसेल तर लाल. ऐकतोय पण डोक्यात शिरत नाही, तर पिवळा. समजलं की हिरवा.

‘सूत्रधार’च्या स्टँडर्ड आवृत्तीत ही पट्टी येते. प्रोफेशनल आवृत्तीत येत नाही. बाकी दोन्ही अगदी सारख्या. प्रोफेशनल घेणाऱ्या संस्थेनं एक स्वयंघोषणापत्र भरायचं: ‘आम्ही व्यावसायिक असल्याने आम्हांस समजून घेण्याची आवश्यकता नाही.’ कायद्यात तशी सोय आहे. कायदा करणारे लोकही व्यावसायिकच होते.

आमच्याकडे स्टँडर्ड होती, कारण ती योजनेत फुकट आली. आणि पट्टी बांधून घ्यायला होती माझी आत्या.

शकुंतला कोराळे. शकूआत्या. पद: व्हॉलमन (महिला). मामा, म्हणजे तिचे यजमान, पाणीपुरवठ्यात असताना वारले आणि त्यांच्या जागी ती अनुकंपा तत्त्वावर लागली, त्याला एकोणीस वर्षं झाली. गव्हाळीत पाण्याचे त्रेचाळीस व्हॉल आहेत आणि कमरेएवढी लोखंडी चावी घेऊन तिनं ते सगळे हातानं फिरवलेत. आता व्हॉलना मोटारी बसल्यात आणि मोटारींना प्रोग्राम सांगतो. आत्याची कामं उरली दोन: मोटार अडकली तर हातानं फिरवणं आणि प्रोग्राम समजून घेणं. समजावून सांगायचं काम माझं. माझे आईवडील पुण्यात बहिणीकडे असतात, मी आत्याकडे जेवतो, त्यामुळे हा सगळा विभाग एका स्वयंपाकघरात मावायचा.

एक्केचाळीस नंबरचा व्हॉल टेकगल्लीचा. टेकगल्ली म्हणजे गावातली सगळ्यात उंचावरची गल्ली. साठ-बासष्ट घरं. पाइपलाइन तिथे पोचेपर्यंत पाणी दमलेलं असतं. तरी सहा दिवसांतून एकदा, चाळीस मिनिटं, नळाला धार यायची. आत्याचं घर तिथेच.

जानेवारीत यंत्रानं नवीन प्रोग्राम लिहिला. मी आत्याला पट्टी बांधली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

“बघ आत्या. टेकावर पाणी चढवताना वाटेत गळती जास्त होते. म्हणून यंत्र म्हणतं, टेकगल्लीला सहाव्याऐवजी पंधराव्या दिवशी सोडायचं. वाचलेलं पाणी खाली सुवर्णविहार फेज टूला.”

“तिथं तर अजून घरंच न्हाईत की रे. नुसते खांब हायत.”

“होणार आहेत. इथे एक आकडा असतो, प्राधान्याचा. कुठल्या भागाला किती महत्त्व द्यायचं तो. तो ऑफिसातून भरून येतो. सुवर्णविहारला नऊ भरलाय. टेकगल्लीला एक.”

“म्हणजे मशीन वाईट न्हाई. मशीनला जे भरवलं ते—”

दिवा हिरवा झाला. एकूण चाळीस सेकंद. स्क्रीनवर आलं: ‘चालकास समजले. प्रोग्राम सुरू.’

आत्या स्क्रीनकडे बघत राहिली. “हे काय? मला पटलं न्हाई की!”

“पटलं का, असं ते विचारत नाही आत्या. समजलं का, एवढंच विचारतं.”

“मग पटलं न्हाई तर कुठं सांगायचं?”

मी कीबोर्ड बघितला. तशी कळ नव्हती.

पहिल्या महिन्यात टेकगल्लीला दोनदाच पाणी आलं. लोक आत्याच्या दारात यायला लागले. एकोणीस वर्षांत कधी कुणी तिला शिवी दिली नव्हती, कारण पाण्याच्या माणसाला कुणी शिवी देत नाही. आता दिली. शेजारच्या सुनेनं तर सरळ विचारलं, “मावशी, तुम्हीच हिरवा दिवा दिलाव म्हणं?” आत्या त्या दिवशी जेवली नाही. मीही निम्मंच जेवलो. निम्मं जेवणं हा निषेध आहे की नाही, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत.

पण स्टँडर्ड आवृत्तीत एक अट होती. माणूस विसरतो, म्हणून प्रोग्राम दर एकतीस दिवसांनी पुन्हा समजला पाहिजे. नाही समजला तर तो थांबतो आणि पाळी जुनीच, सहा दिवसांची.

“मंग सोपं हाय,” आत्या म्हणाली. “मला समजायलाच न्हाई पायजे.”

आम्ही सराव सुरू केला. मी प्रोग्राम सांगायचो आणि आत्या न समजायचा प्रयत्न करायची. तिनं मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणून बघितला: दिवा हिरवा. तिनं पाहुण्यांची नावं आठवली, लग्नाला न आलेल्यांची वेगळी: हिरवा. कानात कापूस घातला तर लाल यायचा, पण लाल आला की स्क्रीनवर ‘चालकाने कृपया कापूस काढावा’ असं यायचं. सूत्रधार खरंच हुशार होतं.

“मी सातवी नापास हाय रे यशा,” आत्या कपाळ चोळत म्हणाली. “मला एवढं कसं काय समजायलंय?”

“एकोणीस वर्षं व्हॉल फिरवलेस. पाणी कुठून कुठे जातं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

“आग लागो त्या कळण्याला.”

तेव्हा मला सुचलं. आत्या हुशार होती, त्याला इलाज नव्हता. पण समजावणारा मी होतो. मी नगरविकासाचं एक जुनं परिपत्रक काढलं, त्याची भाषा तोंडात बसवली आणि एकतिसाव्या दिवशी खुर्चीत ताठ बसून सुरुवात केली.

“उपरोक्त विषयास अनुसरून, सदरहू वितरण प्रणालीच्या अनुषंगाने उच्चस्तर क्षेत्रातील आवर्तनाचा कालावधी, गळतीच्या परिमाणाशी निगडित प्राधान्य गुणांक विचारात घेता, यथावकाश पुनर्निर्धारित करणे उचित राहील किंवा कसे, याबाबत—”

पिवळा.

तीच गोष्ट होती. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सूत्रधार समजावणी तपासतं, खोटं सांगितलं तर अडवतं. पण हे खरं होतं, मान्य होतं, आणि आत्याला ओळखूच आलं नाही. डोळे तारवटून ती माझ्याकडे बघत होती. तुकडे होते, पण एकही तुकडा कशात बसेना.

‘चालकास समजले नाही. जुनी पाळी लागू.’

सहाव्या दिवशी टेकगल्लीला धार आली. शेजारच्या सुनेनं वाटीभर खीर आणून दिली. मार्चमध्येही पिवळा. एप्रिलमध्येही पिवळा. मी परिपत्रकांचे खंड वाचून काढले. माझ्या आयुष्यात अभ्यासाचा इतका थेट उपयोग कधी झाला नव्हता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्याधिकारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. देवयानी खरसुंडे, वय तीस, स्पर्धा परीक्षेतून राज्यात सोळाव्या आलेल्या. टेबलावर आमची तीन महिन्यांची रेकॉर्डिंगं होती.

“यशोधन, ‘यथावकाश पुनर्निर्धारित करणे उचित राहील किंवा कसे’ म्हणजे काय?”

“मॅडम, तुमच्याच कार्यालयाची भाषा आहे.”

“माहितीये. म्हणूनच विचारते. मलाही समजलं नाही.” त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. “हे बघा, तुम्ही चलाख आहात. चलाख माणसानं कंत्राटी राहू नये. आपण प्रोफेशनल आवृत्ती घेतोय. पट्टी नाही, समजावणी नाही, कटकट नाही. एक ‘प्रणाली अधिकारी’ लागेल. कायम पद, वेतनश्रेणी, सगळं. बावीस तारखेच्या सभेत आवृत्ती बदल नीट पार पाडा.”

“आणि व्हॉलमनचं पद?”

“व्यपगत होईल. समजून घेणारा माणूसच लागणार नाही ना.”

“सुवर्णविहारची जमीन कुणाची आहे, मॅडम?”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “मला इथे अजून दीड वर्ष काढायचंय, यशोधन. तो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत आणि मी ऐकला नाही.”

गावात तो प्रश्न कुणी विचारायचंच नाही, कारण उत्तर सगळ्यांना अर्धंअर्धं ठाऊक होतं. नगराध्यक्ष उत्तमअण्णा शेळगावकरांचा मेव्हणा तिथे प्लॉट विकत होता. ‘चोवीस तास पाणी’ असं फलकावर लिहिलेलं होतं. टेकगल्लीतल्यांनी फलक वाचला होता. नळ कोरडा आहे हेही त्यांना कळत होतं. पण एक तुकडा या खिशात, एक तुकडा त्या खिशात.

घरी येऊन मी आत्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

“कायम करतेत तुला?”

“हो.”

“पेन्शनसकट?”

“बहुतेक.”

“मग घे की. माझं काय, दोन वर्षांत रिटायरच हाय मी. तुला एक दिवस घरी बसलेलं मला बघवत न्हाई.”

“आणि टेकगल्ली?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. तो हात जरा जास्तच हलका होता. टेकगल्लीत भाकरीलासुद्धा पाणी मोजून लागतं.

“ते मला विचारू नगंस,” ती म्हणाली. “तू तुझं ठरव. पर ठरवशील ते त्या परिपत्रकात ठरवू नगंस. मला समजंल असं ठरव.”

आता आवृत्ती बदलायची भानगड सांगतो. स्टँडर्डवरून प्रोफेशनलवर जाणं हासुद्धा एक प्रोग्राम असतो, आणि तो स्टँडर्डच चालवतं. जाताना त्याची शेवटची अट: हा बदल ज्यांच्यावर परिणाम करतो, त्यांच्यातले जे हजर आहेत, त्या सगळ्यांना तो का करतोय ते समजलं पाहिजे. कंपनीनं पट्ट्यांचे दोन खोके पाठवून दिले. सोबत चिठ्ठी: ‘हा आपला शेवटचा समजण्याचा अनुभव आनंददायी होवो.’

बावीस एप्रिल, सकाळी अकरा. सभागृहात नगरसेवक, कर्मचारी, आणि विशेष सभा आहे म्हणून फुकट सरबत मिळेल या आशेनं आलेले नागरिक. टेकगल्ली जवळजवळ सगळी. एकशे बारा डोकी, एकशे बारा पट्ट्या. मी मोजल्या, कारण मीच बांधल्या. पुढच्या रांगेत फिटर हबीबभाई, त्यांच्या शेजारी आत्या. व्यासपीठावर मॅडम आणि अण्णा. अण्णांची पट्टी फेट्यावरून बांधायला लागली. तरी दिवा लागला, लाल. ते मोबाइल बघत होते.

मॅडम उभ्या राहिल्या. “नागरिकहो, कार्यक्षमता वाढवण्यासाठी आपण प्रोफेशनल आवृत्ती स्वीकारत आहोत.”

सगळं सभागृह पिवळं.

“अत्याधुनिक तंत्रज्ञान ही काळाची गरज आहे.”

पिवळं. मागून कुणीतरी विचारलं, “सरबत कधी हाय?”

“शेजारच्या सहा नगरपरिषदांनी ही आवृत्ती घेतली आहे.”

“त्यांनी कशापायी घेतली?” आत्यानं विचारलं.

“कारण… इतरांनी घेतली.”

पिवळं. आणि तेव्हा हबीबभाईंनी बोट दाखवलं. “मॅडम, तुमचा पण पिवळाच हाय.”

सभागृह हसलं. मॅडमनी कपाळाला हात लावला, जणू तिथे काही लागलंय. खरं सांगतो, मला त्यांची दया आली. राज्यात सोळावी आलेली बाई, एकशे बारा लोकांसमोर तिच्या कपाळावर दिवा, आणि तो म्हणतोय की तू बोलतेस ते तुलाच समजलेलं नाही. अण्णांच्या कपाळावर मात्र शांत, निवांत, कधीच न ऐकलेला लाल.

पाऊण तास गेला. विकास झाला, पारदर्शकता झाली, एकविसावं शतक झालं. एकही तुकडा कशात बसेना. शेवटी मॅडम माझ्याकडे वळल्या.

“समजावणी सहायक. तुमचं काम आहे. समजवा.”

मी उभा राहिलो. माझ्यापुढे दोन रस्ते होते आणि दोन्हींच्या टोकाला खड्डा होता. परिपत्रक बोललो असतो तर पिवळा राहिला असता, स्टँडर्ड टिकली असती आणि टेकगल्लीला सहाव्या दिवशी पाणी येत राहिलं असतं, जोवर मला काढून दुसरा कुणी आणत नाहीत तोवर. खरं बोललो असतो तर सगळ्यांना समजलं असतं. आणि सगळ्यांना समजलं की प्रोफेशनल सुरू.

मी परिपत्रकाला हात घातला. “उपरोक्त विषयास अनुसरून—”

“यशा,” आत्या उभी राहिली. “बास.”

“आत्या, बस खाली. सांभाळतोय मी.”

“मला कळायलंय तू काय सांभाळायलास ते. तीन महिने मी येड्यागत तुज्याकडं बघत बसले, गल्लीला पाणी मिळावं म्हणून. मिळालं. पर यशा, माझ्या गल्लीत एकोणीस वर्षं लोक इचारतेत, आमालाच का न्हाई? आन मी म्हनते, वरनं प्रेशर न्हाई. पाणी नसलं तर माणूस कळ काढतंय. पर का न्हाई हे बी सांगायचं न्हाई? पाण्यापायी येडं बनून ऱ्हायाचं किती दिवस?” तिनं पट्टी नीट केली. “सांग. समजू दे सगळ्यांला.”

“आवृत्ती बदलेल आत्या. तुझी नोकरी जाईल. माझीही.”

“सांग म्हनले ना.”

मॅडम खाली बघत होत्या. थांबवू शकल्या असत्या. थांबवलं नाही, हे मी नोंदवून ठेवतो, कारण दुसरं कुणी नोंदवणार नाही.

मी सांगितलं. दोनच वाक्यं लागली.

“सुवर्णविहारचे प्लॉट अण्णांचे मेव्हणे विकतात, तिथे चोवीस तास पाणी देऊ असं गिऱ्हाइकांना सांगितलंय, आणि ते पाणी टेकगल्लीचं आहे. स्टँडर्ड आवृत्तीत हे तुम्हाला समजल्याशिवाय करता येत नाही, म्हणून प्रोफेशनल घ्यायची आहे.”

मग ती लहर आली. एका कोपऱ्यातून नाही, इकडून तिकडे पसरत नाही. सगळीकडे एकदम. शंभरावर कपाळं हिरवी. आत्या हिरवी, हबीबभाई हिरवे, सरबतवाला हिरवा. मॅडम हिरव्या झाल्या आणि त्यांनी दीर्घ श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी तुकडा बसल्यासारखा. आपलं नाव ऐकून अण्णांनी मोबाइलवरून मान वर केली, “काय म्हणाला हा?” असं विचारलं, शेजारच्यानं कानात सांगितलं आणि फेट्यावरचा शेवटचा दिवाही हिरवा झाला.

आपण काय करतोय हे अण्णांनाही तेव्हाच समजलं असावं, असा माझा अंदाज आहे.

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘सर्व उपस्थितांना समजले. आवृत्ती बदल पूर्ण. आपण आता प्रोफेशनल आहात. यापुढे कुणालाही काहीही समजण्याची आवश्यकता नाही. धन्यवाद.’

आणि एकशे बारा दिवे एकदम विझले.

त्यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणतात. खुर्च्या हलल्या, आवाज चढले, अण्णा मागच्या दारानं गेले. संध्याकाळपर्यंत इतिवृत्त तयार झालं: गणपूर्तीअभावी तहकूब. प्रोफेशनल आवृत्ती मात्र चालूच राहिली. तिला कोण विचारणार? विचारायची सोय काढूनच तर ती मिळते. पुढच्या आठवड्यात आत्याचं पद व्यपगत झालं आणि माझा एक-दिवस सुरू झाला, तो अजून चालू आहे. केस तीनदा कापून झाले.

टेकगल्लीची पाळी पंधरा दिवसांवर गेली. कागदावर.

कारण पट्ट्या परत खोक्यात गेल्या तरी समजलेलं परत जात नाही. त्याची सोय कुठल्याच आवृत्तीत नाही. सहाव्या दिवशी सकाळी सव्वानऊला, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत आत्या चावी खांद्यावर टाकून निघाली. एक्केचाळीस नंबरच्या चेंबरचं झाकण शेजारच्या सुनेनं उचललं. आत्यानं मोटारीचा खटका सोडवला आणि व्हॉल हातानं फिरवला. चाळीस मिनिटं. मग पुन्हा बंद, खटका जागच्या जागी.

“आत्या, तू आता कर्मचारी नाहीस,” मी म्हणालो. “बेकायदेशीर आहे हे.”

“झाकण धर.”

मी झाकण धरलं.

सूत्रधारला कळलं. व्हॉल बंद असताना पाणी जातंय म्हणजे गळती. त्यानं दुरुस्तीचा आदेश काढला. हबीबभाई पाने घेऊन आले तेव्हा आत्या चेंबरमध्ये वाकलेली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, वाहत्या पाण्याकडे बघितलं, आणि टॅबवर लिहिलं: ‘स्थळ पाहणी केली. गळती आढळली नाही.’

“हबीब, नोकरी जाईल तुझी,” आत्या म्हणाली.

“कशाने? समजून घेणारं कोण राहिलंय हापिसात?” त्यांनी बाटली काढून शेजारच्या घराच्या नळाखाली धरली. “पाणी गार हाय हो शकूबाई.”

बाराव्या दिवशी पुन्हा. अठराव्या दिवशी पुन्हा. प्रत्येक वेळी वेगळा फिटर, प्रत्येक वेळी तोच शेरा. ते सगळे बावीस तारखेला सभागृहात होते. सूत्रधारनं अठ्ठेचाळीस दिवस ही गळती अभ्यासली. वेळ तीच, अवधी तोच, सापडत मात्र नाही. शेवटी यंत्रानं आपल्या परीनं शहाणपणाचा निर्णय घेतला. ही गळती निसर्गनियम आहे असं त्यानं मानलं आणि हिशेबात धरली. तिच्यामुळे बाकी गावाचं प्रेशर पडू नये म्हणून सहाव्या दिवशी सव्वानऊला त्यानं टेकाच्या लाइनला पंप वाढवून दिला. आता टेकगल्लीला जशी धार येते तशी एकोणीस वर्षांत आली नव्हती. सुवर्णविहारचा फलक उतरलाय. खांब आहेत.

थोडक्यात, गव्हाळी नगरपरिषदेच्या दप्तरी शकुंतला कोराळे नावाची कुणी कर्मचारी नाही. पण व्हॉल क्रमांक एक्केचाळीसची गळती आहे, ती वक्तशीर आहे, आणि यंत्र तिच्यावर विसंबून आहे. हे लक्षात आल्यावर मी काल आवक-जावक खिडकीत पुढील अर्ज दिला आणि पोच घेतली.

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद, गव्हाळी.

विषय: व्हॉल क्र. ४१ वरील गळतीस सेवेत कायम करणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर गळती दर सहाव्या दिवशी विनाखंड, विनावेतन व विनातक्रार कर्तव्यावर हजर असते. तिने आजवर एकही रजा उपभोगलेली नाही. तिच्या पूर्वीच्या एकोणीस वर्षांच्या सेवेत कोणताही प्रतिकूल शेरा नाही. सबब तिला व्हॉलमन (महिला) या व्यपगत पदावर पूर्वलक्षी प्रभावाने सामावून घ्यावे, नियमित वेतनश्रेणी लागू करावी, उन्हाळ्यात छत्री व वर्षातून दोन गणवेश द्यावेत, आणि वयोमानानुसार निवृत्त झाल्यावर तिच्या जागी टेकगल्लीतील कोणत्याही एका इच्छुक रहिवाशास अनुकंपा तत्त्वावर गळती म्हणून नियुक्त करावे.

कार्यालयाकडे प्रोफेशनल आवृत्ती असल्याने हा अर्ज समजून घेण्याची आवश्यकता नाही. कृपया फक्त मंजूर करावा, ही नम्र विनंती.